गालापासून चार बोटांवर

मी खोली बघायला गेले तेव्हा काकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, युनिव्हर्सिटीत काय शिकतेस हेही विचारलं नाही. बेसमेंटमधल्या दिव्याखाली उभं करून त्यांनी माझ्या एका हातात पितळेची पुंगळी दिली आणि दुसऱ्या हातात बायकांच्या अंबाड्याचा आकडा. आकडा सरळ करून त्याचं टोक नखभर वाकवलेलं होतं.

"हे टोक आत घाल. बुडापर्यंत ने. आता भिंतीला टेकवून हळूहळू वर ओढ. काय लागतंय?"

"काही नाही."

त्यांनी पुंगळी बदलली. बाहेरून दोन्ही सारख्याच चकचकीत होत्या. दुसरीत मात्र बुडाच्या जरा वर टोक किंचित अडखळलं.

"इथे काहीतरी अडतंय."

"राहा," काका म्हणाले.

वरून काकूंचा आवाज आला, "अहो, तिला आधी वॉशरूम तरी दाखवा."

सस्काटूनच्या त्या घरात मी मास्टर्स संपेपर्यंत राहिले. अर्धं बेसमेंट माझं, अर्धं काकांचं, मध्ये प्लायवूडची भिंत. मी अकोल्याची. आमच्याकडे घरमालक भाडेकरूची जात बघतो, इथे माझी बोटं बघितली गेली. त्यातल्या त्यात बरं, असं म्हणून मी बॅग उघडली.

काका मूळचे सांगलीचे. मेटलर्जीचे इंजिनिअर, तरुणपणी कॅनडात आले आणि पोटॅशच्या खाणीत यंत्रांचे तुटलेले भाग तपासण्यात सगळी नोकरी काढली. खाण्यात कडक शाकाहारी. कोणाच्या वाढदिवसाला गेले तरी केकमध्ये अंडं आहे का ते विचारून घेणार आणि आहे म्हटल्यावर प्लेट काकूंकडे सरकवणार. अशा माणसाच्या बेसमेंटमध्ये हरणं मारायच्या रायफलच्या रिकाम्या पुंगळ्या परातीच्या पराती भरून वाळत पडलेल्या असायच्या. स्वतः त्यांनी आयुष्यात एक गोळी झाडलेली नव्हती. हे सगळं वॉल्टरसाठी.

वॉल्टर शहराबाहेर गहू आणि कनोला पिकवणारा शेतकरी, काकांच्याच वयाचा. काकांच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांची गाडी बर्फावरून घसरून रस्त्याकडेच्या खड्ड्यात गेली. विंटर टायर नावाची वस्तू असते हे त्यांना तोवर कोणी सांगितलं नव्हतं. वॉल्टरने ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढली आणि गारठलेल्या माणसाला कॉफीला घरी नेलं. त्याच्या गराजमध्ये टेबलावर पुंगळ्या पडल्या होत्या. गोळी सुटून जाते, पितळेची पुंगळी मागे राहते, आणि ती नीट राखली तर पुन्हा भरून वापरता येते, एवढं काकांना तिथेच कळलं. त्यांनी एक पुंगळी उचलली, उजेडाकडे धरली, आणि थँक यू म्हणायच्या आधी वॉल्टरला म्हणाले, "दिस वन विल हर्ट यू."

तेव्हापासून कामाची वाटणी ठरली. वसंतात वॉल्टर रिकाम्या पुंगळ्यांची पिशवी आणून द्यायचा. काका त्या धुणार, तपासणार, घडवणार आणि पानगळीच्या आत परत करणार. त्यात ठिणगी पाडणारी टोपी, बंदुकीची दारू आणि गोळी भरायचं काम वॉल्टर आपल्या शेतावर करणार. काकांच्या घरात बंदुकीच्या दारूचा कण यायचा नाही, हा काकांचा नियम. इथे फक्त पितळ.

पुंगळीला मान असते, खांदा असतो आणि बूड असतं. हे शब्द काकांनी केलेले नव्हेत, इंग्रजीतही तेच आहेत, पण काकांच्या तोंडून ऐकताना एखाद्या नातेवाइकाबद्दल चाललंय असं वाटायचं. "हिची मान कडक झालीय," ते म्हणायचे, आणि ती मान ज्योतीवर धरून फिरवायचे. मान मऊ व्हायला हवी, पण बूड तापून मऊ होता कामा नये. ते कळायला त्यांच्याकडे कसलंही यंत्र नव्हतं. बूड बोटांच्या चिमटीत धरायचं आणि बोटांना चटका जाणवला की पुंगळी पाण्यात सोडायची. दर वेळी ते "हं" म्हणायचे आणि चुर्र आवाज यायचा. मी भिंतीपलीकडे अभ्यासाला बसलेली असायचे आणि संध्याकाळभर हं, चुर्र, हं, चुर्र. "मान मऊ आणि बूड कडक," काका म्हणायचे. "माणसाचं वयाबरोबर नेमकं उलटं होतं."

त्यानंतर मानेचं वाढलेलं तोंड कातरून सारखं करणं वगैरे होतं. पण खरं काम आकड्याचं. प्रत्येक वेळी झाडली की पुंगळी थोडी ताणली जाते आणि बुडाच्या वर आतून झिजत जाते. बाहेरून काही दिसत नाही. पुढे कधीतरी तिथेच फाटते.

"रायफल खांद्याला लावली की ही पुंगळी माणसाच्या गालापासून चार बोटांवर असते," काकांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं आणि स्वतःच्या गालाला चार बोटं आडवी लावून दाखवली. "फाटली तर आतला जाळ मागे येतो. मी इथे चुकलो तर तिथे वॉल्टरचा डोळा जातो. बाकी सगळी हौस. एवढं एकच काम आहे."

तपासल्यावर त्यांचे दोनच निकाल असत. 'ठीक' आणि 'बाद'. बाद झालेल्या पुंगळीचं तोंड ते लगेच पकडीने चिमटून टाकत, पुन्हा कोणाला मोह होऊ नये म्हणून. जराशी शंका आली तरी बाद. वॉल्टरला मराठीतले हे दोनच शब्द येत होते आणि त्याचं त्यावर भागत होतं.

हळूहळू हा निकाल पुंगळ्यांच्या बाहेरही पसरला होता. कान तुटलेला कप बाद. न पिकता सडणारे ग्रोसरीतले आंबे बाद. एका पुतण्याने फोनवर दोनदा खोटं सांगितलं, तो बाद. बटणं नीट लागत नाहीत म्हणून एकदा सगळे नवे शर्ट बाद झाले. मात्र माणसाला ते कधी ठीक म्हणत नसत. मी एकदा विचारलं.

"पुंगळीत आकडा घालता येतो," ते म्हणाले. "माणसाला आतून बघता येत नाही. मग कशाच्या जोरावर ठीक म्हणायचं?"

"आणि काकू?"

त्यांनी जिन्याकडे बघून आवाज खाली आणला. "अजून तरी चीर दिसलेली नाही."

वरून काकू म्हणाल्या, "ऐकू येतंय मला."

मराठी मंडळात काकांना लोक जरा बिचकून असत, त्याला कारण होतं. एका गणपतीत आरतीच्या आधी मंडळाच्या सेक्रेटरीबाई समई घासायला बसल्या होत्या. काकांनी लांबूनच नाक उचललं, सरळ जाऊन त्यांच्या हातातली पॉलिशची बाटली काढून घेतली आणि बाहेर बर्फाच्या फावड्याशेजारी ठेवून आले. त्या पॉलिशमध्ये अमोनिया होता. मग समोर प्रसादाची ताटं निवत असताना त्यांनी सगळ्यांना उभ्याउभ्या सांगितलं, की इंग्रजांच्या काळात आपल्याकडे पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवलेली काडतुसं आपोआप चिरायची, आणि ते का, हे लोकांना कितीतरी उशिरा कळलं. घोड्याच्या मुतातला अमोनिया. "ताणलेल्या पितळेचं याने वाटोळं होतं. चिंच घ्या." सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "काका, आपण समईतून गोळ्या झाडत नाही." काकांना हा मुद्दा पटला नाही.

घरचे देव मात्र चिंचेनेही घासत नसत. काकांकडे एक टंबलर होता, म्हणजे मक्याच्या कणसाचा भुसा भरलेलं थरथरतं भांडं. त्यात पुंगळ्या टाकल्या की दोनतीन तासांनी लख्ख होऊन निघतात. एका दिवाळीला काकूंचे हात दुखत होते म्हणून त्यांनी बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि घंटा त्यात टाकून झाकण लावलं. काकांनी झाकण उघडलं तेव्हा बाळकृष्ण पुंगळ्यांच्या गर्दीत रांगत होता. त्यांनी देव बाहेर काढून उजेडात फिरवून बघितला आणि म्हणाले, "कोपर छान निघालंय." तेव्हापासून ती रीतच पडली. पोटाखाली अडकलेला भुसा काकू त्याच आकड्याने काढत. आकडा मुळात त्यांचाच होता.

खंडेनवमीला काका पुंगळ्यांचं सगळं सामान पुजत. पुंगळीला आकार देणारं हाताने ओढायचं यंत्र, पकड, टंबलर, आकडा. हळदकुंकू, वर ग्रोसरीतून आणलेली शेवंती. मी राहत होते त्या शेवटच्या वर्षी पूजा झाली, आरती झाली, आणि काकांनी ताम्हनातलं निरांजन बोटांनी उचलून काकूंच्या हातात दिलं. काकूंनी ते घेतलं आणि लगेच खाली टाकलं.

"अहो, केवढं तापलंय. तुम्ही धरलंत कसं?"

काका आपल्या बोटांकडे बघत राहिले. लाल झाली होती. त्यांना ते दिसत होतं, कळत नव्हतं.

त्यांना मधुमेह जुना होता, त्याने बोटं बधिर होत गेली होती. काकूंनी मला जिन्यात गाठून सांगितलं, की गेले कित्येक महिने शर्टाची बटणं त्याच लावून देत होत्या. मला तेव्हा लक्षात आलं, की भिंतीपलीकडून चुर्र यायचा, पण 'हं' बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. काका ज्योतीसमोर कशाच्या भरवशावर बसत होते कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी दसरा. जेवण झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. टेबलावर त्यांनी सकाळपासून मांडून ठेवलेले दोन डबे होते. एकात चांगल्या पुंगळ्या, दुसऱ्यात शिकवणीच्या, म्हणजे आतून चीर असलेल्या आणि ओळखायला बुडाला खाच मारलेल्या. मला पहिल्या दिवशी दुसरी दिली होती, तसल्या.

"दोन्ही परातीत मिसळ. बुडाकडे बघू नकोस, बघितलंस तर तुझ्या श्वासावरून मला कळेल. मी डोळे बांधतो. एकेक हातात दे."

काकूंचा रुमाल डोळ्यांवर बांधून ते बसले. मी एकेक देत गेले. आकडा आत, हळूहळू वर. ठीक. ठीक. ठीक. परात संपली. बादच्या डब्यात एकही पुंगळी नव्हती. काकांनी रुमाल काढला आणि त्या रिकाम्या डब्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मग त्यांनी एक पुंगळी उलटी केली. दुसरी केली. सगळ्या केल्या.

"यात खाचेची एकही नाही," ते म्हणाले.

जिन्यावर काकू उभ्या होत्या. त्यांनी स्वेटरच्या खिशातून मूठभर पुंगळ्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. "मी सकाळी बदलल्या, सगळ्या चांगल्याच ठेवल्या. नाहीतर तुम्ही नापास झाला असतात."

"अगं, पण मला पास कोणासाठी व्हायचंय?"

"तुमच्यासाठी. हे काम गेलं तर तुम्ही दिवसभर करणार काय? मलाच बघत बसावं लागणार ते."

"गाल वॉल्टरचा आहे," काका म्हणाले. आवाज चढवला नाही. "बस इथे खुर्चीवर. हात मांडीवर ठेव."

पुन्हा रुमाल बांधला. या वेळी पुंगळ्या खरोखर मिसळल्या. दोन चिरा त्यांनी चटकन पकडल्या, आणि काकूंचा जीव भांड्यात पडल्याचं मला दिसलं. आणखी एक पकडली. मग एका पुंगळीवर ते जरा जास्त थांबले, आकडा पुन्हा फिरवला, आणि म्हणाले, "ठीक."

रुमाल काढल्यावर ती उलटी केली. बुडाला खाच होती.

"एकच सुटली," काकू म्हणाल्या. "एवढ्यांतली एक."

"त्याला गालही एकच आहे," काका म्हणाले. काकूंनी दुसऱ्या गालाचा मुद्दा काढला नाही. काकांनी आपला उजवा हात दिव्याखाली धरला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "बाद."

एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. पण याच बोटांनी तपासलेल्या पुंगळ्या भरून वॉल्टरच्या घरात तयार होत्या, आणि हरणांचा सीझन तोंडावर आला होता. दुसऱ्या दिवशी काकांनी गाडीची किल्ली माझ्याकडे दिली. "पायांचंही हेच झालं असेल तर ब्रेक कुठे आहे ते मला कळायचं नाही."

शेतं कापून झाली होती, खुंटांवर पहिला बर्फ पडला होता. वॉल्टर गराजमध्येच होता. काका आत शिरले आणि म्हणाले, "ब्रिंग एव्हरीथिंग. गेल्या दोन वर्षांचं. ऑल बाद."

मग त्यांनी बोटं दाखवून सगळं सांगितलं. निरांजन म्हणजे काय ते मला सांगावं लागलं. वॉल्टरने मुकाट्याने कपाट उघडून भरलेल्या काडतुसांचे डबे टेबलावर मांडले.

"या सीझनला दुकानातून घे," काका म्हणाले. त्यांना हे वाक्य जड गेलं. इतक्या वर्षांत त्यांनी वॉल्टरला दुकानातलं काडतूस घेऊ दिलं नव्हतं.

वॉल्टरने टोपी काढली, पुन्हा घातली. "मी जात नाही," तो म्हणाला. "हेलन गेल्यापासून मी शिकारीला गेलेलो नाही. मांस ती शिजवायची. एकट्याला एवढं करायचंय काय?"

हेलन म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझ्या येण्याच्याही आधीची गोष्ट.

"मग तू दर वसंतात पिशवी आणतोस, त्या पुंगळ्या?"

वॉल्टरने गराजच्या मागच्या खिडकीकडे बोट दाखवलं. कोठाराच्या मागे मातीचा एक बांध होता, मधोमध उकरल्यासारखा झालेला. "तिथे झाडतो. एका दुपारचं काम आहे." मग काकांकडे न बघता म्हणाला, "यू वुड हॅव हॅड नथिंग टु डू."

 मला वाटलं, आता काका त्याचा हात धरतील, निदान खुर्चीत तरी बसतील. मला स्वतःला रडू येत होतं. काका भडकले.

"अरे, मातीवर झाडलीस काय नि हरणावर झाडलीस काय," ते मराठीतच ओरडले, "गाल तुझाच ना? माझा वेळ जावा म्हणून तू तोंडासमोर ती पुंगळी धरत होतास? चार बोटांवर?" आणि त्यांनी चार बोटं वॉल्टरच्या गालावर आडवी लावली.

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण गरज नव्हती. वॉल्टर हलला नाही. काकांची ती बोटं गालावर तशीच असताना त्याने विचारलं, "सो, ॲम आय बाद?"

काकांनी हात खाली घेतला आणि ते टेबलावरचे डबे मोजायला लागले.

बंदुकीच्या दारूचा घरातला नियम गाडीलाही लागू होता, म्हणून डबे वॉल्टरने आपल्या ट्रकमध्ये ठेवले, त्याच्यामागे आमची गाडी, आणि गावातल्या पोलिसांकडे ते सगळे जमा केले. शेवटचा डबा आत जाईपर्यंत काका काउंटरशी उभे राहिले. परतताना बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. शहराचे दिवे दिसायला लागल्यावर म्हणाले, "इतकी वर्षं मला वाटत होतं, मी त्याला जपतोय."

मी गाडीचा हीटर वाढवला. 

त्याच डिसेंबरात माझं मास्टर्स झालं, बर्नाबीत नोकरी लागली, मी निघून आले. काकांनी घरातल्या सगळ्या पुंगळ्या चिमटून टाकल्या. यंत्र एका ओळखीच्या माणसाला दिलं. टंबलर ठेवला, देवांसाठी.

रविवारी मी फोन करते. बातम्या काकूंकडून कळतात. त्यांनीच सांगितलं, की वसंत आल्यावर वॉल्टर नेहमीसारखा आला, पण पिशवी नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं ते न कळून दारातच उभा राहिला. काकांनी त्याला आत घेतलं आणि दोघं खाली गेले. आता दर आठवड्याला येतो.

"खाली करतात काय?" मी विचारलं.

"काही नाही गं. त्या चिमटलेल्या पुंगळ्या टंबलरमध्ये घालतात आणि कॉफी पीत तो आवाज ऐकत बसतात. सोन्यासारख्या झाल्या आहेत सगळ्या. कामाची एक नाही."

मागच्या रविवारी फोन काकांनी उचलला. खालीच होते, मागे टंबलरची घरघर चालू होती. मी तब्येत विचारली, बोटं विचारली. बोटं बाद, म्हणाले. मग सहज विचारलं, "आणि वॉल्टर कसा आहे?"

काकांनी टंबलर बंद केला. फोनवर इतकी शांतता झाली, की मला वाटलं लाइन गेली. पुंगळी उजेडाकडे धरून बघताना ते असेच थांबायचे.

"ठीक," ते म्हणाले.

पलीकडे कोणीतरी कप खाली ठेवल्याचा आवाज आला. तो शब्द वॉल्टरला येत होता. मग काकांनी टंबलर पुन्हा चालू केला आणि मला पुढचं काही ऐकू आलं नाही.